इंजिन बदललं, पण चेक लाइट विझेना: पिकअपच्या वायरिंगचे आणि सेन्सरचे दोष कसे शोधावेत

इंजिन बसलं, गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली, फिटरचा हिशेबही चुकता झाला. आठवड्याभरात पेट्या भरून गाडी आंबा घाटाला लागते आणि निम्म्या चढावर रेस घ्यायचंच बंद करते. किंवा मिरकरवाड्यावर मासळी भरून निघताना सेल्फ नुसता टकटक करतो. किंवा चालताना काहीच जाणवत नाही, फक्त मीटरवरचा पिवळा दिवा विझत नाही आणि मालकाची झोप उडते. पहिला फोन इंजिन विकणाऱ्याला जातो, दुसरा फिटरला. दोघांचं उत्तर ठरलेलं: "आमचं काम ओके आहे, वायरमनला दाखवा."

बहुतेक वेळा ते खोटं बोलत नसतात. इंजिन ठीक असतं, सेन्सरही ठीक असतात. इंजिन उतरवताना आणि चढवताना डझनावारी कपलर (वायरींचे प्लग) सुटतात, अर्थच्या वायरी सुटतात, वायरिंगच्या क्लिपा तुटतात, आणि बिघाड त्यातच कुठेतरी असतो. म्हणून जिथे जिथे हात लागला तिथे आधी बघायचं, तारेची परीक्षा आधी घ्यायची, सेन्सर विकत आणायचा विचार शेवटी. स्पेअरच्या दुकानात "इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी असतेच. अंदाजाने आणलेला सेन्सर चुकीचा ठरला की पैसे गेले, आणि दिवा जिथल्या तिथे.

हा लेख कॉमन रेल डिझेल पिकअपसाठी आहे, म्हणजे जिथे जास्त दाबाच्या एकाच नळीतून (रेलमधून) सगळ्या इंजेक्टरना डिझेल मिळतं: बोलेरो पिकअप, योद्धा, डी-मॅक्स या वर्गातल्या गाड्या. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत सेन्सर नावापुरतेच. तिथे अर्थिंग, चार्जिंग आणि मीटरचे भाग वाचलेत तरी पुरे. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

स्कॅनर लावण्याआधी फिटरला विचारा

इंजिन कुठून आणलं हे महत्त्वाचं आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते फुल इंजिन आणलं की हाफ. हाफ इंजिन असेल तर हेड, इंजेक्टर, रेल, फ्लायव्हील आणि जवळजवळ सगळे सेन्सर जुन्या इंजिनावरून नव्यावर चढतात. म्हणजे प्रत्येक सेन्सर एकदा खोलून परत बसवलेला असतो. फुल इंजिन असेल तर सेन्सर त्या इंजिनासोबत आलेले असतात, आणि ते तुमच्याच मॉडेलचे असतील याची खात्री नसते. बाहेरून सारखं दिसणारं इंजिन बीएस ३ गाडीतलं असू शकतं आणि तुमची गाडी बीएस ४ असू शकते. कपलर बसतो, आतलं मोजमाप वेगळं असतं.

एवढ्या गोष्टी फिटरकडून लिहून घ्या:

- जुने सेन्सर कुठले चढवले, नव्या इंजिनासोबतचे कुठले ठेवले.
- फ्लायव्हील कुठल्या इंजिनाचं आहे.
- इंजेक्टर बदलले का, किंवा त्यांची जागा अदलाबदल झाली का. इंजेक्टरच्या डोक्यावर अंक-अक्षरांचा कोड कोरलेला असतो. तो ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो.
- ईसीयू जुनाच आहे की इंजिनासोबत आलेला लावला.
- चॅसीवर किंवा माउंटिंगवर वेल्डिंग केलं का, आणि केलं असेल तर बॅटरी आणि ईसीयूचा कपलर काढला होता का.

शेवटच्या प्रश्नावर फिटर गप्प झाला तर ती गोष्ट मनात ठेवा. बॅटरी जोडलेली असताना वेल्डिंग केलं की ईसीयू जाऊ शकतो, आणि मग पुढच्या सगळ्या तपासण्यांचे निकाल विचित्र येतात.

ईसीयू दुसऱ्या गाडीचा असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्ली ओळखणार नाही. मीटरवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत राहतं आणि गाडी सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन लगेच बंद पडते. अशा वेळी वायरी चाचपत बसू नका. जुना ईसीयू परत लावा, नाहीतर नवा प्रोग्रॅम करून घ्या.

हत्यारं

एक बरा डिजिटल मल्टीमीटर, एकवीस वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, ओबीडी स्कॅनर (ईसीयूने साठवलेले दोषाचे कोड वाचणारा), कॉन्टॅक्ट क्लीनर, पॉलिश पेपर, टॉर्च आणि छोटा आरसा. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर कोड वाचायला आणि चालू रीडिंग बघायला चालतो. इंजेक्टरचे कोड भरणं किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करायला लावणं त्याच्याने होत नाही.

टेस्ट लॅम्प फक्त जाड वायरींसाठी: बॅटरी, फ्यूज, रिले, अर्थ. ईसीयूकडे जाणाऱ्या बारीक वायरींवर तो लावला तर त्याचा करंट आत काहीतरी जाळू शकतो. इंजेक्टरच्या वायरीला तर लॅम्प आणि मीटर दोन्ही लावू नका. तिथे बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज येतं.

किनाऱ्यावरच्या गाडीसाठी आणखी एक पथ्य. रीडिंग घ्यायला वायरचं आवरण सुईने भोसकायची सवय पुष्कळांना असते. कोरड्या गावात ती खपून जाते. इथे त्या भोकातून खारी हवा आत शिरते आणि काही महिन्यांत तांबं आतून हिरवं पडतं, तेही कपलरपासून वीतभर लांब, जिथे पुढच्या वेळी कुणी बघणारही नाही. त्यापेक्षा कपलरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने, बारीक टाचणी अलगद आत सरकवा आणि तिच्यावर मीटर लावा.

बॅटरी आणि अर्थिंग

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, म्हणून हा भाग घाईने उरकू नका.

इंजिन बंद करून तासभर झाल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. १२.२ म्हणजे बॅटरी अर्धी उतरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर आधी बॅटरी चार्ज करा किंवा तपासून घ्या. कमी व्होल्टेजवर ईसीयू नाही नाही ते कोड टाकतो, आणि तुम्ही त्यांच्या मागे धावत राहता.

आता अर्थ. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चॅसीशी त्याचा विजेचा संबंध फक्त अर्थच्या पट्टीमुळे येतो. ही पट्टी इंजिन उतरवताना सुटते आणि चढवताना विसरली जाते, किंवा रंग मारलेल्या जागेवर आवळली जाते. विसरली तरी गाडी कधी कधी सुरू होते, कारण सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो: क्लच केबल, गिअरच्या केबल, सेन्सरच्या वायरीची जाळी. सेल्फ मारल्यावर एखादी केबल हाताला गरम लागली तर आणखी काही तपासायची गरज नाही. पट्टी बसवा.

अर्थ तपासायला ओहमचं रीडिंग उपयोगाचं नाही. दहा तारांतली एक तार धड असली तरी ओहम शून्य दाखवतो आणि सेल्फचा करंट मात्र तिच्यातून जात नाही. व्होल्टेज ड्रॉप बघायचा:

१. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा, क्लॅम्पवर नाही.
२. लाल पिन इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ बोल्टवर.
३. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. गाडी लगेच सुरू होत असेल तर मीटरचं मॅक्सचं बटण वापरा.
४. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब.
५. हीच परीक्षा लाल पिन चॅसीवर, मग ईसीयूच्या अर्थ बोल्टवर ठेवून करा. या वेळी हेडलाइट, ब्लोअर चालू ठेवा.
६. पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत सेल्फ मारताना ०.५ च्या आत हवं.

मासळी वाहणाऱ्या गाडीत बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेट चॅसीवर गळतं. अशा गाडीची अर्थ पट्टी वरून धड दिसते. तिच्या थिंबलच्या (टोकावरच्या धातूच्या कडीच्या) मागचं आवरण ब्लेडने इंचभर सोलून बघा. चांगलं तांबं लालसर चमकतं. खराब झालेलं काळपट असतं, त्यावर हिरवी पूड असते आणि चिमटीत धरून वाकवलं की तारा कटकट तुटतात. हे दिसलं की पट्टी साफ करत बसू नका, नवी टाका. जागा धातू दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग मारा. क्रम हाच, आधी रंग मारून मग बोल्ट आवळायचा नाही.

सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही

सेल्फच फिरत नसेल तर क्लच पेडलचा स्विच, सेल्फचा रिले आणि सोलेनॉइडची बारीक वायर बघा. ती वायर बोल्टच्या मागे लोंबत राहिलेली सापडते.

सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन धरत नाही, तेव्हा स्कॅनरवर दोन रीडिंग लावा आणि सेल्फ मारा: इंजिनाचे आरपीएम आणि रेल प्रेशर.

आरपीएम शून्यच राहिले तर क्रँक सेन्सरचा सिग्नल येत नाही. कोड बहुधा पी०३३५ असतो. हा सेन्सर फ्लायव्हीलजवळ बसतो, आणि इंजिन गिअरबॉक्सला जोडताना त्यालाच पहिला मार लागतो. काढून बघा. टोक तडकलं आहे का, चुंबकावर लोखंडाचा कीस चिकटला आहे का, खालचा वायसर गायब आहे का. दोन वायरींचा असेल तर ओहम मोजा. बऱ्याच गाड्यांत ८०० ते १००० च्या आसपास येतो. सेल्फ मारताना त्याच्यावर एसी व्होल्टेज यायला हवं. तीन वायरींचा असेल तर तो हॉल जातीचा. त्याला ओहम लावायचा नाही. त्याचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल वेगवेगळे तपासायचे.

दोन वायरींच्या सेन्सरचा कपलर तुटला म्हणून कुणी वायरी कापून जोडल्या असतील तर त्या उलट जोडल्या गेल्या नाहीत ना, ते बघा. उलट जोडल्यावरही ओहम बरोबर येतो, आरपीएमही दिसतात, पण ईसीयूला दात कुठे तुटलाय ते नीट कळत नाही आणि गाडी कधी धरते, कधी नाही.

तुटलेला दात म्हणजे काय, तेही इथेच सांगतो. सेन्सर ज्या चकतीकडे बघतो तिच्यावर ठरावीक अंतराने दात किंवा भोकं असतात आणि एका जागी ती मुद्दाम वगळलेली असतात. साठातले दोन वगळण्याची रीत बॉशच्या सिस्टिममध्ये सर्रास आहे. त्या रिकाम्या जागेवरून ईसीयू पिस्टन कुठे आहे ते ओळखतो. दुसऱ्या मॉडेलचं फ्लायव्हील लागलं आणि त्यावरची मांडणी वेगळी असली, तर सेन्सर कितीही नवे लावा, गाडी धरणार नाही. म्हणूनच फ्लायव्हीलची चौकशी आधी करायला सांगितली.

आरपीएम येतात, पण पी०३४० दिसतो, तर कॅम सेन्सरची वायर किंवा कपलर बघा. पी००१६ मात्र वेगळा. क्रँक आणि कॅम दोघांचे सिग्नल येतायत, पण त्यांचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ. बहुतेक वेळा टायमिंग एखाद्या दाताने चुकलेलं असतं. हे वायरमनचं काम नाही. गाडी पुढे सेल्फ न मारता फिटरकडे परत द्या, कारण टायमिंग चुकलेलं इंजिन रेटून सुरू केलं तर व्हॉल्व पिस्टनला भेटतात.

दुसरं रीडिंग रेल प्रेशरचं. सेल्फ मारताना ते साधारण २०० बारच्या पुढे चढायला हवं. त्याखाली ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. प्रेशर चढत नसेल तर आधी डिझेल: फिल्टर, हवा, पाइप उलटे लागलेत का, हँड प्रायमर कडक होतोय का. इंजिन बदलल्यावर लाइनमध्ये हवा राहणं हे सेन्सर बिघडण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतं. इंधनाची बाजू ठीक असेल तर रेल सेन्सर तपासा. इंजिन काही मिनिटं बंद ठेवून, इग्निशन ऑन, कपलर लावलेला: सिग्नल वायरवर ०.५ व्होल्टच्या आसपास. शून्य किंवा पाच व्होल्ट आले तर वायर तुटली आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. गाडी आयडलला असताना १ ते १.५ व्होल्ट, आणि स्कॅनरवर २५० ते ३५० बार.

इंजिन चालू असताना रेलचा किंवा इंजेक्टरचा पाइप कधीही ढिला करू नका. या लाइनमध्ये १६०० बारपर्यंत दाब जातो. त्या फवाऱ्याने डिझेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट हॉस्पिटल गाठावं लागतं.

गाडी चालते, पण दिवा जळतोय

स्कॅनर लावला की जुने-नवे सगळे कोड एकदम दिसतात. इंजिन बसवताना कुणीतरी कपलर सुटे असताना इग्निशन ऑन केलेलं असतं आणि तेव्हाचे कोड साठून राहिलेले असतात. म्हणून सगळे लिहून घ्या, फोटो काढा, मग पुसा. वीस-तीस किलोमीटर फिरवा, परत वाचा. परत आलेले तेवढेच कामाचे.

यानंतरची माझी सगळ्यात आवडती परीक्षा फुकट होते. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सेल्फ न मारता फक्त इग्निशन ऑन करा आणि स्कॅनरवर तापमानं बघा: कूलंट, आत येणारी हवा, डिझेल. रात्रभर उभ्या गाडीत तिन्ही बाहेरच्या हवेएवढीच असायला हवीत, म्हणजे आपल्याकडे बहुतेक महिने २५ ते ३० अंश. एखादं उणे ४० दाखवत असेल तर तिथली वायर तुटली आहे किंवा कपलर लागलेलाच नाही. कोकणात उणे ४० कधी होत नाही, त्यामुळे शंकेला जागा नाही. एखादं १३० च्या पुढे असेल तर वायर शॉर्ट आहे. गाडी सुरू करून दहा मिनिटांनी कूलंट तिथेच राहून डिझेलचं तापमान भरभर चढायला लागलं, तर दोन कपलर एकमेकांच्या जागी लागलेत. कित्येक इंजिनांवर ते हुबेहूब सारखे असतात.

कूलंट सेन्सर सुटा मोजायचा तर बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा ओहम २० अंशांना अडीच हजार, ३० ला सतराशेच्या आसपास आणि ८० ला सव्वातीनशेच्या घरात असतो. तापमान वाढलं की ओहम घटतो.

बूस्ट किंवा मॅनिफोल्ड प्रेशरचा सेन्सरही असाच बंद इंजिनावर ओळखता येतो. समुद्रसपाटीला तो १०० किलोपास्कलच्या आसपास हवा. आंबोलीला साधारण ६९० मीटरवर तोच ९३ च्या आसपास दाखवेल आणि ते बरोबर आहे. वेंगुर्ल्यात उभ्या गाडीत ७० दिसत असेल तर सेन्सर वेगळ्या मॉडेलचा आहे किंवा त्याला पूर्ण सप्लाय मिळत नाही.

सप्लाय म्हणजे पाच व्होल्ट. रेल प्रेशर, बूस्ट, पेडल असे कितीतरी सेन्सर ईसीयूकडून येणाऱ्या पाच व्होल्टवर चालतात, आणि एकाच लाइनवर तीन-चार जण असतात. त्यातल्या एकाची वायर गरम पाइपला टेकून शॉर्ट झाली की सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली बसतात. एकदम चार सेन्सरांचे कोड आले, किंवा पी०६४१, पी०६५१ दिसले, तर चार सेन्सर आणायला धावू नका. एका कपलरवर मीटर लावून ठेवा आणि बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याला काढल्यावर मीटर उडी मारून पाचवर येतो, तो सेन्सर किंवा त्याच्याकडे जाणारी तार गुन्हेगार. सगळे काढूनही पाच येत नाहीत, तर दोष वायरिंगमध्ये किंवा ईसीयूत.

ईसीयूच्या मोठ्या कपलरलाही एक नजर द्या. त्याची लिव्हर शेवटपर्यंत बसली नसेल तर मधल्याच काही पिना लागत नाहीत आणि एकमेकांशी संबंध नसलेले कोड येतात. काढताना बॅटरी सोडा. आत एखादी पिन वाकली किंवा मागे ढकलली गेली आहे का, टॉर्च मारून बघा.

इंजिन मिसिंग मारत असेल आणि पी०२०१ ते पी०२०४ पैकी कुठलाच कोड नसेल, तर इंजेक्टरचे कपलर अदलाबदल झालेत का बघा. ईसीयूला तार जोडलेली दिसते, म्हणून कोड येत नाही. पण इंजेक्टर भलत्या वेळी उघडतो. चार सिलिंडरच्या या इंजिनांचा क्रम १-३-४-२ असतो. कपलर बरोबर असून आयडल खडखडत असेल, तर इंजेक्टरचे कोड ईसीयूत भरले आहेत का हे आधी विचारा.

घाटात ओढत नाही

"भाऊ, सपाटीला पळते, घाटात उचलत नाय" ही तक्रार आली की गॅरेजमध्ये उभ्या गाडीला काही सापडणार नाही हे धरून चाला. लोड, उष्णता आणि हलणं या तिन्हींशिवाय तो दोष दिसत नाही.

आधी उभ्या गाडीत जमेल ते करा. गाडी आयडलला ठेवा, एकाला स्कॅनरसमोर बसवा, आणि वायरिंग मूठभर मूठभर धरून हलवत जा: हेडच्या मागचा भाग, टर्बोजवळचा, इंजिनावरून बॉडीकडे जाणारा. रीडिंग उडालं की हात तिथेच थांबवा. इंजिन रेस घेताना एका बाजूला कलतं. वायरिंग ताणून बांधलं असेल तर दर वेळी कपलर ओढला जातो. इंजिन आणि बॉडीच्या मध्ये वायरिंगला थोडी ढील हवीच. क्लिप तुटली म्हणून वायरिंग टर्बोवर किंवा सायलेन्सरच्या पाइपवर टेकलेलं असेल तर प्लॅस्टिक वितळून दोन तारा एकमेकींना लागतात, आणि तेही फक्त पाइप तापल्यावर.

मग माल भरून, ड्रायव्हर सोडून दुसरा माणूस बाजूला बसवून कुंभार्लीला किंवा फोंडा घाटाला जा. ड्रायव्हरने स्कॅनरकडे बघायचं नाही. रेकॉर्डिंग लावा: हवं असलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर, बूस्ट, पेडलची टक्केवारी.

पेडल पूर्ण दाबलेलं, हवं प्रेशर वर गेलं आणि प्रत्यक्ष मागे पडलं, कोड पी००८७, तर फिल्टर, टाकीतली जाळी, पाइपला लागणारी हवा किंवा थकलेला पंप. सेन्सर खरं तेच सांगतोय, त्याला दोष देऊ नका. दोन्ही प्रेशर बरोबर, पण बूस्ट चढत नाही आणि मागे काळा धूर, तर इंटरकूलरच्या होजचा क्लॅम्प ढिला. पेडलचीच टक्केवारी मध्येच शून्यावर पडली, पी२१३८ आला, तर पेडलचा कपलर. आणि सगळीच रीडिंग क्षणभर एकदम गेली तर ईसीयूचा सप्लाय किंवा अर्थ, म्हणजे परत बॅटरी आणि अर्थिंगच्या भागाकडे.

मीटर, चार्जिंग, ऑइलचा दिवा

ऑइलचा दिवा विझत नसेल तर वायरिंगचा विषय नंतर. आधी स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा आणि खरं प्रेशर बघा. प्रेशर नसताना "वायरिंगचा फॉल्ट असेल" म्हणत चालवलं तर नवं इंजिनही जाईल. प्रेशर ठीक निघालं तर बहुधा स्विचच्या जागी गेजचा सेंडर बसलेला असतो, किंवा एकेरी वायर ब्लॉकला घासून अर्थ होत असते.

चार्जिंग: इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४. इग्निशन ऑन केल्यावर चार्जिंगचा दिवा लागतच नसेल तर आनंद मानू नका. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा करंट त्या दिव्यातूनच जातो. अल्टरनेटरच्या मागची बारीक वायर सुटलेली असेल.

स्पीडोमीटर बंद आणि रिव्हर्सचा लाइट बंद, दोन्ही एकदम, तर गिअरबॉक्सवरचे कपलर लावायचे राहिलेत. गाडी वर घ्या, दोन मिनिटांचं काम.

बीएस ६ गाडी असेल तर

एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत डीपीएफ आणि त्याचे सेन्सर आले. डिफरन्शियल प्रेशर सेन्सरला दोन रबरी नळ्या असतात, एक फिल्टरच्या आधीची, एक नंतरची. त्या उलट लागल्या की रीडिंग उणे येतं. तापमानाचे सेन्सर एकाच माळेत असतात, त्यांची जागा बदलली की फिल्टर भलत्या वेळी जाळायला घेतला जातो. आणि जुनं इंजिन ऑइल पीत असेल तर डीपीएफ त्या राखेने भरलेला असतो. नवं इंजिन बसवूनही दाब जास्तच दिसेल. हे कंपनीच्या स्कॅनरवर तपासून घ्यावं. डीपीएफ पोकळ करून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

दुरुस्ती टिकवायची तर

नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी एका पावसाळ्यात संपते. वायर सोल्डर करा किंवा चांगल्या स्लीव्हने दाबा, आणि वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. कपलरचं रबरी सील हरवलं असेल तर सिलिकॉन थापू नका, कपलरच बदला. डायइलेक्ट्रिक ग्रीस सीलला लावायचं, पिनांवर लोंदा भरायचा नाही.

काम झाल्यावर इंजिन प्रेशरने धुऊन देण्याची हौस टाळा. सगळे कपलर नुकतेच उघडलेले असतात. चॅसी मात्र बंदरावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. जून-जुलैत मासेमारी बंद असताना मासळीच्या गाड्या आठवडे उभ्या राहतात, आणि उंदीर गरम कोपरा शोधत बॉनेटखाली येतो. तेव्हा बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा, आणि परत गाडी काढण्याआधी वायरिंगवर एकदा टॉर्च फिरवा.

जुनं इंजिन लगेच भंगारात देऊ नका. महिनाभर गाडी घाट चढून-उतरून आली की मग द्या. त्यावरचे सेन्सर काल-परवापर्यंत चालत होते, तेव्हा शंका आली तर अदलाबदल करून बघायला त्याहून स्वस्त स्पेअर मिळणार नाही. तोवर इंजिनाचं बिल घेऊन आरटीओचं कामही उरका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांत द्यावी लागते, आणि आरसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही तर विम्याचा दावा अडतो. नंबर रंगाखाली गेला असेल तर फोटो काढण्याआधी तो साफ करून घ्या.